अध्यक्षांचं नाव घ्यायचं नाही

नॉटिंगहॅमच्या एका लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर मी वीसएक वर्षं अमेरिकेचे अध्यक्ष शिकवले. इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला कुणी विचारलं आणि मी हे सांगितलं, की बायका आधी हसतात आणि मग म्हणतात, "ते झालं हो, पण नोकरी कुठे करत होतात?" म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

नोकरी हीच. इथे कौन्सिल, म्हणजे नगरपालिका, मोठ्या माणसांसाठी संध्याकाळचे वर्ग चालवते. कुंभारकाम, स्पॅनिश, केकवरची साखरेची फुलं आणि कोपऱ्यात कुठेतरी इतिहास. परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही. बारा नावं आली तर वर्ग चालू, अकरा आली तर रद्द. लोकांना वाटतं, परीक्षा नसलेला वर्ग म्हणजे मास्तराची चैन. उलट आहे. शाळेतल्या पोराला घंटा होईपर्यंत बसावंच लागतं. माझे विद्यार्थी कंटाळले तर सरळ कोट चढवून घरी जात. एकदा एका गृहस्थांनी माझ्या वाक्याच्या मध्यावर टोपी घातली होती. ते वाक्य मी पुन्हा कधी वापरलं नाही.

मुलाखतीत मला आधी भारतीय स्वयंपाक शिकवाल का, असं विचारलं. मी म्हटलं, मला येत नाही. मग योगा? म्हटलं, पाठ दुखते. समोरच्या बाईंनी हात टेकले आणि विचारलं, "मग तुम्हाला येतं तरी काय?" मी मुंबईला एम. ए. केलं होतं ते दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकन धोरणांवर. तसं सांगितल्यावर त्यांनी बराच वेळ माझ्या साडीकडे पाहिलं. पण गुरुवारची खोली रिकामी होती.

माझी पद्धत साधी. एका संध्याकाळी एक अध्यक्ष. फळ्याच्या मधोमध रेघ. डावीकडे त्याने स्वतःच्या देशात काय केलं, उजवीकडे बाहेर काय केलं. एकाने गोऱ्या आणि काळ्या सैनिकांना वेगळं ठेवणं हुकूम काढून बंद केलं, आणि अणुबॉम्बचा हुकूमही त्याचाच. त्याच्यानंतर अध्यक्ष झालेल्या सेनापतीने काळ्या मुलांना शाळेत जाता यावं म्हणून लष्कर पाठवलं, आणि त्याच्याच कारकिर्दीत इराणचं निवडून आलेलं सरकार गुपचूप उलथवलं गेलं. टेक्सासच्या एका माजी मास्तराने अध्यक्ष झाल्यावर म्हाताऱ्यांना औषधपाणी दिलं, काळ्या माणसांच्या हक्कांचे कायदे केले आणि जंगलातल्या एका युद्धात पोरं पाठवत राहिला. ही डावी-उजवी बाजू एकाच माणसाची, हे लोकांना पटता पटत नसे. मलाही दरवर्षी नव्याने पटवून घ्यावं लागे.

सुरुवातीची काही वर्षं मी नावं घेऊन शिकवत असे. त्याने घोळ व्हायचा. लिंडा नावाची निवृत्त दंतवैद्य होती. ती शाळेत असताना त्या देखण्या तरुण अध्यक्षाच्या फोटोच्या प्रेमात पडली होती, ती काही अजून बाहेर आली नव्हती. नागरी हक्कांच्या मोठ्या नेत्याचे फोन चोरून ऐकायची परवानगी ह्याच तरुणाच्या सरकारने दिली, असं मी म्हटलं, तर लिंडा म्हणाली, "नाही." पुरावा दाखवला. ती म्हणाली, "तरी नाही." पुढच्या गुरुवारी नट असलेल्या अध्यक्षाचं नाव काढलं, तर रेमंड खुर्ची मागे सरकवून उठला. रेमंड खाणकामगार होता. खाणी बंद झाल्या त्याला तो इथल्या सरकारइतकंच त्या नटालाही जबाबदार धरत असे. नाव कानावर पडलं की माणसं ऐकायची थांबतात, हे माझ्या हळूहळू ध्यानात आलं.

आणि मला आमची आई आठवली. तिने वडिलांचं नाव आयुष्यात घेतलं नाही. घ्यायचीच वेळ आली तर दोन ओळींच्या उखाण्यात गुंडाळून घ्यायची. मी वर्गाला म्हटलं, आजपासून ह्या खोलीत कुठल्याही अध्यक्षाचं नाव घ्यायचं नाही. फक्त काय केलं ते बोलायचं. ज्याच्या तोंडून नाव निसटेल त्याने दंड म्हणून उभं राहून यमक जुळवून उखाणा घ्यायचा, आणि नाव त्यातच बसवायचं. पहिला दंड अर्थात लिंडाला झाला. तिने लाजत लाजत असा काही उखाणा घेतला, की रेमंड म्हणाला, "मी डक, आता ह्यांचं लग्नच लावून दे." नॉटिंगहॅममध्ये बायकोपासून बस ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना 'मी डक', म्हणजे 'माझ्या बदका', म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागे वळून बदक शोधलं होतं.

ह्या लेखातही मी तो नियम पाळलाय. वाचकांनीही पाळावा, नाहीतर घरच्यांसमोर उभं राहावं.

तर एका सप्टेंबरात कुसुमताई मेश्रामांचा फोन आला. त्यांचे मिस्टर मेश्राम काका म्हणजे नागपूरचे, दीक्षाभूमीच्या जवळच वाढलेले. इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सारं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावरही घरात टाय लावून बसणारा माणूस. वाचन दांडगं, आवाज खणखणीत, आणि आपलं चुकलं असं म्हणायची सवय कुणी लावलेली नाही.

"त्यांना तुमच्या वर्गात घ्या," ताई म्हणाल्या. "आणि मलाही घ्या, लक्ष ठेवायला."

"काका अमेरिकेवर मलाच शिकवतील, ताई."

"शिकवू दे. घरी ते कुणाला शिकवणार? मी ऐकत नाही, आणि सिद्धार्थशी बोलणंच बंद आहे."

सिद्धार्थ त्यांचा एकुलता एक मुलगा. नॉटिंगहॅमलाच वाढला आणि नोकरीसाठी ह्यूस्टनला गेला. तिथलाच झाला, मतदारसुद्धा. त्याआधीच्या निवडणुकीत त्याने कुणाला मत दिलं ते त्याने रविवारच्या व्हिडिओ कॉलवर सांगून टाकलं. काकांचा पारा चढला. तू कुणाचा मुलगा, तुझा आजा काय होता, आम्ही ह्या देशात कसे आलो, सगळं झालं. आणि शेवटी काका म्हणाले, "परदेशी माणसांना हाकलायला निघालेल्या त्या माणसाला मत देणाऱ्याला ह्या घरात जागा नाही."

सिद्धार्थ म्हणाला, "ओके बाबा. जागा नको."

तो बापावरच गेलेला. त्यानंतर कंपनीच्या कामासाठी तो ब्रिस्टलला आला तेव्हा आईला भेटायला नॉटिंगहॅमला आला, पण राहिला स्टेशनजवळच्या हॉटेलात. घर तिथून ट्रामने चार थांबे, ट्रेंट नदीच्या काठी. ताई डबा घेऊन हॉटेलच्या लॉबीत गेल्या आणि पोराने प्लास्टिकच्या काट्याने भाकरी-वांगं खाल्लं. हे सांगताना त्या रडल्या नाहीत. "मॅडम, त्याला मुलगी झालीय," एवढंच म्हणाल्या. "ह्यांनी तिला अजून पाहिलेली नाही. रविवारी फोन लागला की हे शेजारच्या खोलीत जातात आणि भिंतीपलीकडून कर धोरणावर ओरडतात."

मी दोघांची नावं घातली. खरं सांगायचं तर त्या वर्षी माझीही अकराच नावं झाली होती.

काकांनी पहिल्याच दिवशी माझ्या नियमावर हरकत घेतली. "जय भीम मॅडम. वर्ग उत्तम आहे, पण हा उखाण्याचा प्रकार मला मान्य नाही. बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही गुलामी आहे. मी लग्नाच्या दिवशीच हिला सांगितलं, मला नावाने हाक मार."

"मग मारतात?"

"नाही," काका म्हणाले. "'अहो'च म्हणते. तत्त्व माझं आहे, घर तिचं."

मी म्हटलं, काका, इथे मान राखायला नाव टाळत नाही. भांडण टाळायला टाळतो. त्यांनी आपली असहमती नोंदवून घ्यायला सांगितली आणि पहिल्या रांगेत बसले.

विद्यार्थी म्हणून माणूस भारी निघाला. टेपवाल्या, म्हणजे आपल्याच ऑफिसातलं बोलणं टेप करून त्यातच अडकलेल्या अध्यक्षाच्या दिवशी मी फळ्याची डावी बाजू आधी भरली. हवा-पाणी स्वच्छ ठेवायचं सरकारी खातं काढलं, महागाई रोखायला पगार आणि किमती गोठवल्या. "हा आपला माणूस," काका खूश. मग उजवी बाजू भरली. चीनशी हात मिळवला, जंगलातल्या त्याच युद्धाला लागून असलेल्या गरीब देशावर चोरून बॉम्ब टाकले. काका चष्मा पुसायला लागले. "हा तो टेपवाला आहे?" म्हणाले. "मॅडम, हे तुम्ही मुद्दाम करता." मुद्दामच करत होते. पगारच त्याचा होता.

शेंगदाणेवाल्याच्या दिवशी गोष्ट जरा वेगळी झाली. हा आधी शेंगदाण्याची शेती करणारा. दोन हाडवैरी देशांच्या प्रमुखांना त्याने डोंगरातल्या एका छावणीत नेऊन ठेवलं आणि तह होईपर्यंत सोडलं नाही. दोघं एकमेकांशी धड बोलत नव्हते, म्हणून हाच निरोप घेऊन ह्या खोलीतून त्या खोलीत जायचा. मी हे सांगत होते आणि कुसुमताई माझ्याकडे टक लावून पाहत होत्या.

चहाच्या सुट्टीत रेमंड काकांच्या शेजारी येऊन बसला. त्याला काकांच्या घरातलं कुणी सांगितलं, मला माहीत नाही. म्हणजे माहीत आहे, पण ताईंचं नाव घेत नाही.

"माझा एक भाऊ होता," रेमंड म्हणाला. "खाणींचा संप झाला तेव्हा मी संपात होतो, तो कामावर जात राहिला. आमच्याकडे कित्येक घरांत असं झालं. मी त्याला म्हटलं, तू माझा भाऊ नाहीस."

"मग?" काकांनी विचारलं.

"मग काही नाही. तीन गल्ल्या पलीकडे राहायचा. दुकानात दिसला की मी ब्रेडकडे बघायचो. गेल्या वर्षी वारला." रेमंडने बिस्किट चहात बुडवलं, ते तुटून आत पडलं, त्याने काढलं नाही. "बरोबर मीच होतो, डक. आजही सांगतो. त्याचं काय करू आता?"

काकांनी आपल्या बशीतलं बिस्किट उचलून रेमंडच्या बशीत ठेवलं. मी उगाच चहाच्या टाकीचा नळ पुसत बसले.

मार्चमध्ये सिद्धार्थ पुन्हा ब्रिस्टलला यायचा होता. हॉटेल तेच. ताईंनी मला फोन केला. "मी त्याला सांगितलं, गुरुवारी आम्ही दोघं वर्गात असतो, मी डबा घेऊन लॉबीत येणार नाही. भेटायचं तर तिथे ये. चालेल ना?"

"काकांना सांगितलंत?"

"नाही. त्या तुमच्या डोंगरातल्या छावणीत कुठे आधी सगळं सांगितलं होतं?"

म्हटलं, बोंबला. त्या गुरुवारी नटाचा नंबर होता, म्हणजे रेमंड आधीच घुश्शात. मी आत गेले तर मागच्या रांगेत रेमंडच्या शेजारी एक उंच, दाढीवाला माणूस मांडीवर कोट ठेवून बसलेला. काका पहिल्या रांगेत, पाठ ताठ. त्यांनी पाहिलं होतं. ताई मध्ये, पिशवी छातीशी धरून. लिंडाने मला डोळ्यांनी विचारलं, मी डोळ्यांनीच गप्प बस म्हटलं.

नियम सांगितला. नाव नाही, फक्त काम. फळ्याची उजवी बाजू आधी भरून झाली, मग डावीकडे लिहिलं: कागदपत्रं नसलेल्या लाखो परदेशी माणसांना ह्याने कायदेशीर केलं.

"उत्तम," काका पुढे बघत म्हणाले. "मॅडम, मागच्या रांगेला सांगा, असेही अध्यक्ष होऊन गेले."

मागून आवाज आला, "मॅडम, बाबांना सांगा, हे आमच्या पार्टीचा प्रेसिडेंट होता."

सिद्धार्थचं मराठी शाळेबाहेरचं. त्यात सगळं जग पुल्लिंगी आहे. पण मुद्दा बरोबर होता. काकांची मान वळली, अर्धीच.

"मॅडम, मागच्या रांगेला विचारा, मग आता काय झालं ह्यांच्या पार्टीला?"

"मॅडम, सांगा त्यांना, पूर्ण कायदा वाचा. सेम कायद्यात कागद नसलेल्याला काम देणाऱ्याला पण फाइन आहे. ते कधी नीट लावलाच नाही. मी लाइनमध्ये उभा राहून आत गेलो बाबा, वर्षं लागली. मला राग नाही येणार?"

'मॅडम सांगा' गळून पडलं होतं. दोघांच्या ते लक्षात आलं नव्हतं, मी लक्षात आणून दिलं नाही. निरोप्याचं काम संपलं की खोलीबाहेर पडायचं असतं, ते मी खडूच्या डब्यात तोंड घालून केलं. वर्गातल्या इंग्रजांना मधला एखादा इंग्रजी शब्द सोडला तर काही कळत नव्हतं, पण कुणी टोपी घातली नाही.

"राग येऊ दे," काका आता पूर्ण वळले होते. "रांगेत तुझी आईपण उभी राहिलीय, हीथ्रोवर, तू पोटात असताना. तिचा राग कुठे गेला? तिने मागच्या माणसाला लाथ मारली?"

"मी कुणाला लाथ मारला नाही!"

"तू मत दिलंस! तू त्या..." आणि काकांनी नाव घेतलं. तेच. ज्याच्यावरून सगळं झालं ते.

सिद्धार्थ उभा राहिला आणि कोटाच्या बाहीत हात घालायला लागला. ताईंनी डोळे मिटले. मला वाटलं, संपलं, आता हा माणूस उद्या विमानात बसेल आणि ह्या म्हाताऱ्याला नात फोटोतच दिसेल.

तेवढ्यात रेमंडने टेबलावर थाप मारली. त्याला अख्ख्या भांडणातले चारदोनच शब्द कळले होते, पण हा नेमका कळला होता. "फाइन!" तो ओरडला. "नाव घेतलं! नियम म्हणजे नियम, मी डक. उभं राहायचं." आणि सिद्धार्थचा कोट धरून त्याला खाली बसवलं. "तू पण थांब. हे सोडून जायचं नसतं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना वाचवू शकले असते. पण इतक्या वर्षांत मी लिंडालासुद्धा सोडलं नव्हतं. "काका," म्हटलं, "उखाणा."

ते उठले. टायची गाठ वर सरकवली. खाली बघत ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवत राहिले. इतका वेळ, की लिंडा कुजबुजली, ह्यांना यमक सुचवू का? मग मान वर न करता मराठीत म्हणाले,

"ट्रेंटच्या काठी लाल विटांचं घर,
सिद्धार्थचं नाव घेतो, त्याची खोली तशीच आहे वर."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. दर वेळी वाजवतात. ताईंनी पिशवीत तोंड खुपसलं. मी फळ्याकडे वळून काहीतरी पुसलं, नंतर पाहिलं तर नटाचं अख्खं परराष्ट्र धोरण पुसलं होतं.

सिद्धार्थ बसूनच होता, एक हात कोटात, एक बाहेर. नाक ओढून म्हणाला, "बाबा, हे प्रेसिडेंटचा नाव नव्हता. तुमचा फाइन अजून ड्यू आहे."

"घरी चल," काका म्हणाले. "तिकडे भरतो."

लायब्ररी बंद व्हायची सूचना झाली. रेमंडने सिद्धार्थची दुसरी बाही धरून कोट घालायला मदत केली आणि जिन्यावरून खाली जाईपर्यंत त्याची पाठ थोपटत राहिला. खाली ट्रामच्या थांब्यावर काका आणि सिद्धार्थ कर धोरणावर भांडत उभे होते आणि ताई मध्ये पिशवी धरून दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. रेमंड एकटाच उलट दिशेला चालत गेला.

पुढच्या वर्षी नऊच नावं आली आणि वर्ग बंद झाला. त्या खोलीत आता आंबवलेल्या पिठाचा ब्रेड करायला शिकवतात. चांगला चालतो म्हणे. मला वाईट वाटतं, नाही कशाला म्हणू? काका आणि सिद्धार्थचं आजही कशावर एकमत नाही. दर रविवारी व्हिडिओवर दोघं तावातावाने बोलतात, नात मध्ये बसून फोनचा कोपरा चावते आणि नाव कुणीही घेत नाही.

त्या रात्रीची हॉटेलची खोली रिकामीच राहिली. आगाऊ भरलेले पैसे हॉटेलने परत दिले नाहीत, हे कुसुमताई अजूनही भेटेल त्याला सांगतात, इतक्या आनंदाने की ऐकणाऱ्याला वाटावं, लॉटरीच लागलीय.